पणजोबा डब्लिनच्या यादवीत होते, कागद जळाले म्हणतात: शोध कुठून सुरू करावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. यजमानांचे पणजोबा मूळचे डब्लिनचे. १९२५ च्या सुमारास ते न्यूयॉर्कला आले आणि तिथेच स्थायिक झाले. "ते फोर कोर्ट्‌समध्ये लढले," एवढंच घरात सांगतात. स्वतः पणजोबांनी त्या दिवसांबद्दल कधी तोंड उघडलं नाही. १९११ च्या खानेसुमारीत ते बारा वर्षांचे सापडतात, त्यानंतर थेट न्यूयॉर्क. मधली चौदा वर्षं कोरी. आणि ज्याला विचारावं तो सांगतो की आयर्लंडचे कागद १९२२ मध्ये जळाले, नाद सोडा.

नाद सोडू नका. कागद जळाले हे खरं, पण तुम्हाला हवेत ते नव्हेत.

आधी आगीचं समजून घ्या. स्वातंत्र्ययुद्धानंतर डिसेंबर १९२१ मध्ये ब्रिटनशी तह झाला. ७ जानेवारी १९२२ ला आयरिश संसदेने तो ६४ विरुद्ध ५७ मतांनी मान्य केला आणि कालपर्यंत खांद्याला खांदा लावून लढलेली माणसं दोन बाजूंना गेली. एप्रिलमध्ये तहाविरोधी तुकड्यांनी लिफी नदीकाठची फोर कोर्ट्‌स ही न्यायालयांची इमारत ताब्यात घेतली. त्याच आवारात सरकारी दप्तरखाना होता. २८ जूनच्या पहाटे फ्री स्टेटच्या, म्हणजे तह मान्य केलेल्या नव्या सरकारच्या सैन्याने ब्रिटिशांकडून आणलेल्या तोफा डागल्या. ३० जूनला प्रचंड स्फोट झाला आणि दप्तरखाना जळून गेला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्यांचे जवळपास सगळे कागद, शेकडो वर्षांची मृत्युपत्रं, चर्च ऑफ आयर्लंडच्या असंख्य नोंदवह्या, सगळं त्यात गेलं.

पण त्या दप्तरखान्याची रीत अशी होती की कागद साधारण वीस वर्षं जुना झाला की मगच तिथे जायचा. १९२२ मध्ये तेवीस वर्षांच्या असलेल्या माणसाबद्दल तिथे जवळपास काही असण्याचं कारणच नव्हतं. त्याच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यातलं बहुतेक आगीनंतरच लिहिलं गेलं. ती आग यजमानांच्या पणजोबांच्या आड येत नाही, त्या पणजोबांच्या पणजोबांच्या आड येते. या एका गैरसमजापायी किती घरांनी शोध सुरूच केला नाही हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे इतकं ठासून सांगतो आहे.

तुमची खरी अडचण दुसरी आहे. यादवीनंतर माणसं गप्प बसली. भाऊ भावाविरुद्ध उभा राहिला होता, शेजारच्या मुलाने शेजारच्या मुलाला पकडून दिलं होतं. त्यामुळे घरोघरी एक वाक्य उरलं, आणि ते तीन पिढ्यांत घासून गुळगुळीत झालं. "फोर कोर्ट्‌समध्ये लढले" हे तसलंच वाक्य आहे. ते खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय वंशावळीत लिहू नका.

सुरुवात माणूस पक्का करण्यापासून. डब्लिनमध्ये एका नावाचे वीस जण सहज निघतात. १८६४ पासूनची जन्म, विवाह, मृत्यूची सरकारी नोंदणी शाबूत आहे आणि मूळ पानांच्या प्रतिमा आयरिश सरकारच्या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात: जन्म शंभर वर्षांपूर्वीपर्यंतचे, विवाह पंचाहत्तर, मृत्यू पन्नास. जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं. तोच तुमचा खुंटा. बापाचं नाव, आईचं माहेर आणि पत्ता ही तीन जुळली तरच माणूस आपला समजा. जन्मतारखेवर फार जीव टाकू नका. नोंदणीला उशीर झाला की दंड बसायचा, म्हणून आईबाप तारीख पुढे ढकलून सांगत. बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या नोंदलेल्या तारखेआधीची निघाली तर दचकू नका, बाप्तिस्म्यावर विश्वास ठेवा.

१९११ च्या खानेसुमारीत तुम्हाला घराचा तक्ता मिळाला आहे. त्याच संचातला इमारतीचा तक्ताही उघडा. एका घरात किती कुटुंबं होती, कोणाकडे किती खोल्या होत्या हे त्यात आहे. डब्लिनच्या जुन्या हवेल्यांच्या तेव्हा चाळी झाल्या होत्या. हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ क्रमांकाच्या एका घरात १९११ मध्ये शंभर माणसं राहत होती. शेजाऱ्यांची नावं उतरवून ठेवा. पुढे साक्षीदार म्हणून, लग्नातले सोबती म्हणून, तुकडीतले सवंगडी म्हणून हीच नावं परत भेटतात. १९२१ ची खानेसुमारी स्वातंत्र्ययुद्धामुळे झालीच नाही, पुढची १८ एप्रिल १९२६ ला झाली. शंभर वर्षांची अट असल्याने ती १८ एप्रिल २०२६ ला सुटते. १९२६ पर्यंत पणजोबा न्यूयॉर्कला गेले होते, पण त्यांची आई आणि मागे राहिलेली भावंडं तिच्यात शोधा.

आता "फोर कोर्ट्‌स". ३० जूनला तिथे शरण आलेले साधारण १८० जण होते. त्यांना आधी जवळच्या जेमसनच्या दारूभट्टीत नेलं, मग माउंटजॉय तुरुंगात. दारूभट्टीतून काही जण निसटले, बाकीचे अडकले. म्हणजे पणजोबा खरोखर आत असतील तर जुलै १९२२ मध्ये ते एक तर कैदी होते किंवा फरारी. त्या महिन्यात ते नोकरीवर दिसले, किंवा त्यांचं लग्न लागलेलं दिसलं, तर कथा तशी नाही. तुरुंगाकडून तपासा. डब्लिनच्या रॅथमाइन्स भागातल्या काहल ब्रू बरॅक्समध्ये आयर्लंडचं लष्करी दप्तर आहे. यादवीतल्या कैद्यांच्या नोंदवह्या तिथे आहेत. माउंटजॉय, किलमेनम, करा, न्यूब्रिज, गॉर्मनस्टन अशी ठिकाणं त्यांत येतात. एकंदर बारा हजारांच्या आसपास माणसं या यादवीत कैदेत होती, तेव्हा तहाविरोधी बाजूच्या डब्लिनकर तरुणाचं नाव तिथे सापडण्याची शक्यता चांगली आहे. एकाच माणसाला या छावणीतून त्या छावणीत हलवलं जायचं. एक नोंद सापडली म्हणून थांबू नका.

बऱ्याचदा असं निघतं की माणूस फोर कोर्ट्‌समध्ये नव्हता, तो ओ'कॉनेल स्ट्रीटवर होता. तहाविरोधी डब्लिन ब्रिगेडचे प्रमुख ऑस्कर ट्रेनर आणि त्यांची माणसं तिथल्या हॉटेलांत मोर्चे बांधून ५ जुलैपर्यंत लढली. तहाविरोधी नेते काहल ब्रू तिथेच जबर जखमी झाले आणि दोन दिवसांनी वारले. घरच्या आठवणीत मात्र हे सगळं एकत्र होऊन "फोर कोर्ट्‌स" एवढंच उरतं, कारण नाव त्याचं झालं.

आणि एक शक्यता मनाशी धरून ठेवा, यजमानांनाही आधीच सांगून ठेवा. ते दुसऱ्या बाजूला असू शकतात. फोर कोर्ट्‌सवर तोफा डागणारेही "फोर कोर्ट्‌समध्ये लढले" असंच सांगतील. जुलै १९२२ पासून फ्री स्टेटच्या सैन्यात धडाधड भरती झाली. शहरात बेकारी होती, पहिल्या महायुद्धातून परतलेले तरुण रिकामे बसले होते, रॉयल डब्लिन फ्युझिलियर्स ही पलटण ३१ जुलै १९२२ ला मोडीत निघाली. पगार मिळतो म्हणून गेलेले पुष्कळ होते आणि त्यात लाज वाटावं असं काही नाही. हे तपासणं अगदी सोपं आहे. १२ आणि १३ नोव्हेंबर १९२२ च्या रात्री त्या सैन्याने स्वतःची शिरगणती केली. ३३ हजारांहून जास्त नावं, प्रत्येकापुढे घरचा पत्ता, वय, धर्म, भरतीची तारीख आणि ठिकाण, आणि सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव व पत्ता. लष्करी दप्तराच्या संकेतस्थळावर ती फुकट आहे. मी कुठल्याही डब्लिनकर तरुणाचा शोध इथूनच सुरू करतो, घरची कथा काहीही असो. आईचं नाव आणि १९११ चा पत्ता जुळला की संशयच राहत नाही. नाव नाही सापडलं, तरी एक दार बंद झालं हे कळतं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे उत्तर इतकं लांबवलं: पेन्शनच्या फाइली.

१९२४ च्या कायद्याने फ्री स्टेटच्या सैन्यात राहिलेल्यांना लष्करी सेवेचं पेन्शन मिळू लागलं. १९३४ च्या कायद्याने ते तहाविरोधी बाजूला आणि कमन ना मन या महिला संघटनेलाही खुलं झालं. त्याखेरीज जखमींसाठी आणि मेलेल्यांच्या वारसांसाठी वेगळे कायदे होते. या कायद्यांखाली ८० हजारांहून जास्त लोकांनी अर्ज केले आणि बहुसंख्य अर्ज नाकारले गेले. २०१४ पासून या फाइली टप्प्याटप्प्याने संकेतस्थळावर येत आहेत. अजून सगळ्या आलेल्या नाहीत, त्यामुळे आज नाव नाही म्हणजे फाइल नाही असं समजू नका. दप्तराला लिहून विचारा.

अशी एक फाइल उघडली की काय दिसतं ते सांगतो. अर्जाच्या फॉर्मवर १९१६ च्या ईस्टरच्या उठावापासून ३० सप्टेंबर १९२३ पर्यंतचा काळ तुकड्यातुकड्यांनी छापलेला असतो, आणि प्रत्येक तुकड्यापुढे अर्जदाराने तेव्हा आपण कुठे होतो, कोणाच्या हाताखाली होतो, काय केलं हे लिहायचं. १ एप्रिल ते ३० जून १९२२ हा एक तुकडा. १ जुलै १९२२ ते ३१ मार्च १९२३ हा पुढचा. तुमची कोरी वर्षं नेमकी इथे भरतात. मग त्याला पेन्शन ठरवणाऱ्या मंडळापुढे बोलावून शपथेवर विचारलेल्या प्रश्नांची टंकलिखित प्रत. तुमच्याकडे बंदूक होती का? पहाऱ्यावर किती रात्री होतात? तेव्हा नोकरी चालू होती का? उत्तरं तुटक, कधी चिडकी. त्यामागे जुन्या अधिकाऱ्यांची शिफारसपत्रं, डब्लिनच्या फाइलींत बरेचदा ऑस्कर ट्रेनर यांच्या सहीची. नोकरी गेल्याचा दाखला, डॉक्टरचं पत्र, बायकोने किंवा मुलीने लिहिलेली विनवणी. आयुष्यभर मुका राहिलेला माणूस इथे पहिल्यांदा बोलतो, कारण घर चालवायला पैसे हवे आहेत.

नाकारलेली फाइल सापडली तर निराश होऊ नका. माझ्या अनुभवात त्या जास्त जाड असतात. नकार आला की माणूस अपील करतो, नव्या साक्षी गोळा करतो, आधी न सांगितलेलं सांगतो. "सेवा पुरेशी सक्रिय नव्हती" हा सरकारी शेरा म्हणजे तो माणूस खोटं बोलत होता असं नव्हे. निरोप पोचवणं, घरात माणसं लपवणं, हत्यारं एका घरातून दुसऱ्या घरात नेणं हे मंडळाला अनेकदा पुरेसं वाटलं नाही. पेन्शन मागताना माणूस स्वतःचं काम वाढवूनही सांगतो, हेही ध्यानात ठेवा. म्हणून एका फाइलीवर भिस्त न ठेवता त्याच तुकडीतल्या दोन-तीन जणांच्या फाइली वाचा. एकमेकांबद्दल ते जे सांगतात ते स्वतःबद्दलच्या सांगण्यापेक्षा भरवशाचं असतं.

न्यूयॉर्कला गेलेले लोकही अर्ज करत, त्यामुळे फाइलीवर तिथला पत्ता असू शकतो. पणजोबांनी मुळीच अर्ज केला नसला, तरी तुकड्यांच्या याद्या पाहा. पेन्शनची पडताळणी करता यावी म्हणून १९३० च्या दशकात जुन्या अधिकाऱ्यांनी आपापल्या कंपन्यांतली नावं आठवून लिहून दिली. दोन तारखा ठरवून दिल्या होत्या, शस्त्रसंधीचा दिवस ११ जुलै १९२१ आणि यादवीच्या सुरुवातीचा १ जुलै १९२२. पहिल्या यादीत नाव आहे आणि दुसऱ्या यादीत नाही, तर स्वातंत्र्ययुद्धात तो होता आणि यादवीत त्याने तहाविरोधी बाजू सोडली होती. काहींनी दोन्ही बाजू नाकारून घर गाठलं. त्यांची संख्या कमी नव्हती. अशा याद्यांत नावापुढे कधी कधी "अमेरिका" एवढाच पत्ता असतो.

नावं शोधताना इंग्रजी आणि आयरिश दोन्ही रूपं घाला. राजकीय निष्ठा म्हणून कित्येक जण फॉर्मवर आयरिश रूपात सही करत, आणि ओ किंवा मॅक कधी लागतो, कधी गळतो.

कोणी तुम्हाला सैनिकांच्या साक्षींचा मोठा संग्रह सुचवेल, १९४७ ते १९५७ दरम्यान सरकारने घेतलेल्या १,७७३ जबान्यांचा. जरूर वाचा, पण अपेक्षा बेताची ठेवा. त्याची हद्द जुलै १९२१ च्या शस्त्रसंधीपर्यंतच ठेवली होती. यादवीबद्दल विचारायचं नाही, हे सरकारनेच ठरवलेलं. तहाविरोधी बाजूचं बोलणं हवं असेल तर अर्नी ओ'मॅली यांच्या वह्या आहेत. ते स्वतः फोर कोर्ट्‌समध्ये होते आणि दारूभट्टीतून निसटलेल्यांपैकी एक. पुढे गावोगाव फिरून त्यांनी चारशेहून जास्त जुन्या सहकाऱ्यांना बोलतं केलं. वह्या युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनच्या दप्तरात आहेत. अक्षर मात्र अतिशय किचकट. वेळ काढूनच बसावं लागतं.

पणजीबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही. त्या डब्लिनच्या असतील तर विचारा. कमन ना मनने फेब्रुवारी १९२२ मध्ये तहाविरुद्ध मोठ्या बहुमताने ठराव केला, आणि यादवीत शेकडो बायका माउंटजॉय, किलमेनम आणि नॉर्थ डब्लिन युनियन या जुन्या गरीबखान्यात कैदेत होत्या. कैदेत त्यांनी एकमेकींच्या सह्यांच्या वह्या भरल्या: नाव, पत्ता, तुकडी, तारीख, एखादी कविता, कोठडीचं चित्र. किलमेनमच्या संग्रहालयात अशा वह्या जपल्या आहेत. तुमच्या सासरी माळ्यावर तसली एखादी छोटी वही, रंगीत पानांची, सह्यांनी भरलेली, पडली असेल तर आधी तिचे फोटो काढा. घरच्यांना ती शाळेतली वही वाटते आणि टाकली जाते.

राहत्या घराच्या बाजूने शोध घ्यायचा तर थॉम्सच्या वार्षिक पत्त्यांच्या पुस्तकांनी सुरुवात होते, पण चाळीत राहणाऱ्यांचा तिथे निभाव लागत नाही. अख्ख्या घरापुढे "चाळ" एवढाच शब्द छापलेला असतो. घरमालकाचा माग मूल्यांकन कार्यालयाच्या रद्द वह्यांतून लागतो. जुनं नाव काटून वेगळ्या शाईने नवं लिहिलेलं, बाजूला वर्ष. रस्त्यांची नावं बदललेली लक्षात असू द्या. सॅकव्हिल स्ट्रीट म्हणजेच ओ'कॉनेल स्ट्रीट, ग्रेट ब्रन्सविक स्ट्रीट म्हणजे पिअर्स स्ट्रीट, ग्लॉस्टर स्ट्रीट म्हणजे शॉन मॅकडरमॉट स्ट्रीट. बरॅक्सचंही तसंच: पोर्टोबेलो म्हणजे आजची काहल ब्रू, रॉयल म्हणजे कॉलिन्स. लढाईत दुकान किंवा घरातलं सामान जळालं असेल तर १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखालचे दावे राष्ट्रीय दप्तरात पाहा. दाव्यासोबत काय काय गेलं त्याची यादी असते, पलंगापासून भांड्यांपर्यंत, आणि एखाद्या कुटुंबाचं घर आतून कसं होतं हे त्याहून चांगलं कुठे कळत नाही.

कोण कुठे पुरलं हे ग्लासनेव्हिनच्या स्मशानाच्या नोंदींत मिळतं. त्या १८२८ पासून आहेत. पैसे पडतात, पण एकाच थडग्यातली सगळी नावं एकत्र मिळतात, आणि लहानपणी वारलेली, घरात कोणी नाव न घेतलेली भावंडं तिथे सापडतात. प्रोटेस्टंट कुटुंब असेल तर माउंट जेरोमचं स्मशान.

पणजोबा १९१४ ते १९१८ च्या दरम्यान ब्रिटिश सैन्यात गेले असण्याची शक्यताही सोडू नका. १८९९ चा जन्म म्हणजे शेवटच्या एक-दोन वर्षांत वय बसतं, आणि वय चोरून गेलेले तर कितीतरी. त्या सैनिकांच्या फाइलींचा मोठा भाग सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवरच्या बाँबहल्ल्यात जळाला. पदकांची आणि पेन्शनची कार्डं मात्र वाचली आहेत.

आयर्लंडहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटींच्या प्रवासीयाद्या नसतात. १९२३ नंतर मधली एखाद-दोन वर्षं ते लिव्हरपूल किंवा ग्लासगोला राहिले असतील तर तो माग कठीण. न्यूयॉर्कच्या बोटीची यादी मात्र बोलकी असते. मायदेशातल्या सर्वांत जवळच्या नातेवाइकाचं नाव आणि पत्ता, अमेरिकेत कोणाकडे चालला आहे त्याचं नाव, शेवटचा मुक्काम कुठला, सगळं विचारलेलं असतं. "कोणाकडे" या रकान्यातला माणूस चुलत-मावस भाऊ म्हणून लिहिलेला असेल आणि नात्यात कुठे बसत नसेल, तर तुकड्यांच्या याद्यांत शोधा. आधी गेलेला सोबती बरेचदा पुढच्याला बोलावून घेई.

त्यामागच्या पिढ्यांसाठी, म्हणजे जिथे आग खरोखर आडवी येते तिथे, एकच सांगतो. नक्कल शोधा. १९०९ पासून सत्तरीच्या वृद्धांना पेन्शन सुरू झालं. अनेकांकडे जन्मदाखला नव्हता, म्हणून वय पटवायला १८४१ आणि १८५१ च्या खानेसुमारीत त्यांचं नाव शोधून द्यायची सोय होती. मूळ खानेसुमारी जळाली, पण शोधाचे ते फॉर्म राहिले, आणि त्यांवर आईबापांची नावं आणि गाव आहे. कॅथलिक पॅरिशच्या वह्या त्या दप्तरखान्यात नव्हत्याच. साधारण १८८० पर्यंतच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर आहेत. १७०८ पासूनचं दस्तनोंदणीचं दप्तर सुरक्षित आहे. आणि २०२२ मध्ये ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने सुरू झालेल्या आभासी दप्तरखान्यात जळालेल्या कागदांच्या जगभरच्या नकला गोळा होत आहेत. १८६१ ते १८९१ च्या खानेसुमाऱ्यांमागे मात्र लागू नका. त्या आगीत गेल्याच नाहीत, सरकारनेच नष्ट केल्या, शेवटच्या दोन पहिल्या महायुद्धात रद्दीत काढून.

आता कामाचा क्रम. आज संध्याकाळी सैन्याची शिरगणती आणि पेन्शनचा संग्रह, दोन्हीत नाव घालून पाहा. उद्या न्यूयॉर्कच्या नागरिकत्वाच्या कागदांसाठी अर्ज टाका. जन्मतारीख, बोटीचं नाव आणि येण्याचा दिवस त्यात असतो, पण कागद हाती यायला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज लांबवू नका. तोवर यजमानांकडच्या सर्वांत वयस्क माणसाला, आत्या असतील तर त्यांना, फोन करा. "लढाईत काय केलं" असं विचारू नका, त्यावर ठरलेलं एकच वाक्य ऐकू येईल. घरी पत्रं कोणाची यायची, नाताळात पैसे कोणाला पाठवायचे, आणि कोणाचं नाव काढलेलं त्यांना चालायचं नाही, हे विचारा. मिळालेली नावं, घरची कथा जुळो न जुळो, याद्यांत घालून पाहा.